परसातली वेधशाळा आणि मागून येणारे शहर

घरच्या वेधशाळेला तीन गोष्टी लागतात: न हलणारा खांब, उघडता येणारे छप्पर आणि काळोख. पहिल्या दोन पैशाने आणि मेहनतीने उभ्या राहतात. तिसरी मात्र शेजारच्या दिव्यांवर, रस्त्यांवर आणि शहराच्या वाढीवर अवलंबून असते. महाराष्ट्रातल्या आकाशनिरीक्षणाचा इतिहास पाहिला, तर वेधशाळा बांधण्याइतकीच ती उचलून दुसरीकडे नेण्याची गोष्ट त्यात पुन्हा पुन्हा येते. यंत्रमागांचे आणि गोदामांचे गाव असलेल्या भिवंडीत आज कोणी परसात किंवा गच्चीवर दुर्बिणीसाठी खोली बांधायला घेतली, तर त्याच्यापुढे उभे राहणारे प्रश्न या जुन्या गोष्टीतलेच असतात.

कोकणपट्टीत घरी राहून आकाशाचा वेध घेण्याची परंपरा दुर्बिणीच्या कितीतरी आधीची आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ लिहिला. ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही पक्षांच्या, म्हणजे गणिताच्या परंपरांच्या, गणिताने येणारी ग्रहांची स्थाने त्यांनी आकाशात प्रत्यक्ष ताडून पाहिली आणि कोणता ग्रह कोणत्या पक्षाने जुळतो, कुठे फरक पडतो, हे नोंदवून ठेवले. ग्रंथात लिहिलेले आणि आकाशात दिसणारे यांत तफावत पडली, तर आकाश प्रमाण मानायचे, ही त्यांची भूमिका होती आणि तिचे महत्त्व फार मोठे आहे. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. त्रिकोणमितीतल्या ‘ज्या’ची (साइनची) किचकट कोष्टके टाळून ग्रहगणित करण्याची सोपी रीत त्यांनी दिली आणि पुढची साडेतीन शतके महाराष्ट्रातली पंचांगे मुख्यतः त्या ग्रंथावर चालली. त्या सोप्या गणिताला दोन पिढ्यांच्या डोळसपणाचा आधार होता.

दुर्बीण बसवलेली खासगी वेधशाळा महाराष्ट्रात आली ती पुण्यात, १८४२ मध्ये. विल्यम स्टीफन जेकब हा मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातला अधिकारी. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काही वर्षे काम केल्यामुळे कोन मोजण्याचा हात त्याला बसलेला होता. पुण्यात त्याने स्वतःची वेधशाळा उभारली आणि तीत पाच फूट लांबीची, डॉलंड यांच्या कारखान्यातली विषुववृत्तीय दुर्बीण बसवली. अशा दुर्बिणीचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवलेला असतो. त्यामुळे तेवढा एकच आस हळूहळू फिरवला की तारा नजरेखाली टिकून राहतो. जेकबने निवडलेले काम होते जोडताऱ्यांचे. एकमेकांना अगदी लगटून असलेल्या दोन ताऱ्यांमधले अंतर आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेची दिशा मोजायची, काही वर्षांनी पुन्हा मोजायची आणि त्या फरकातून एक तारा दुसऱ्याभोवती कसा फिरतो हे शोधायचे, असे हे चिकाटीचे काम आहे. पुण्यातल्या निरीक्षणांतून तयार झालेली २४४ जोडताऱ्यांची यादी त्याने १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठवली. युरोपच्या क्षितिजावर कधीच न येणारे दक्षिणेकडचे तारे पुण्याच्या अक्षांशावरून दिसतात. लहान दुर्बिणीला हा मोठाच फायदा होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस जेकब मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. तिथे १८५५ मध्ये त्याने ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या गतीतली अनियमितता दाखवून तिथे एखादा न दिसणारा ग्रह असावा, असे मांडले. तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. पण दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा दावा मोजमापांच्या आधारे करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. प्रकृतीमुळे नोकरी सोडावी लागल्यावरही पुणे त्याच्या मनातून गेले नव्हते. पुण्याजवळच्या डोंगरावर, उंच आणि स्वच्छ हवेत वेधशाळा काढण्याची योजना त्याने आखली, ब्रिटिश पार्लमेंटकडून तिच्यासाठी हजार पौंड मंजूर झाले आणि नऊ इंची भिंगाची दुर्बीण घेऊन तो निघाला. ऑगस्ट १८६२ मध्ये मुंबईत उतरून पुण्याला पोहोचल्यावर काही दिवसांतच वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला आणि ती योजना तिथेच थांबली. महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकांनी आपला पूर्वज म्हणून ज्याचे नाव घ्यावे असा हा माणूस आहे. त्याची आठवण पुण्यातही फारशी कोणाला नाही, हे खेदाचे आहे.

मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा सुरू केली होती. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ पुरवणे हे तिचे मुख्य काम. पुढे चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदींची त्यात भर पडली. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली नागावचे केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयातच तिथे कामाला लागले. पुढे केरूनाना छत्र्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक १८६० मध्ये काढले. पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह पुन्हा जुळवून घेण्याचा हा प्रयत्न होता, म्हणजे केशव दैवज्ञांचेच काम नव्या साधनांनी.

कुलाब्याच्या वेधशाळेवर शहर चालून आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय उपकरणे बिघडणार हेही उघड झाले. संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली समुद्रापलीकडे अलिबागला १९०४ मध्ये नवी वेधशाळा बांधली गेली. इमारतीत लोखंड येऊ नये म्हणून पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला. जागा बदलताना नोंदींची साखळी तुटू नये, म्हणून काही काळ कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली आणि दोन्हींमधला फरक निश्चित केल्यावरच कुलाब्याचे काम थांबवले. शहरापुढे माघार घ्यावी लागली तरी ती कशी घ्यावी, याचा हा आदर्श नमुना आहे.

संस्थानिकांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या वेधशाळांचे आयुष्य एखाद्या व्यक्तीच्या उत्साहाला बांधलेले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा झाली. तिथली ग्रब यांच्या कारखान्यातली वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या वेळी देशात सर्वांत मोठी होती. तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला आणि त्यातली मुख्य रेषा सर्व परिस्थितींत स्पष्ट, रेखीव राहते हे दाखवून इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्या याउलट प्रतिपादनाला छेद दिला. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. मराठवाडा ज्या राज्यात होता त्या हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये फिसलबंडा इथल्या आपल्या इस्टेटीवर खासगी वेधशाळा काढली आणि पंधरा इंची ग्रब दुर्बीण मागवली. नवाबांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये ती सरकारजमा होऊन निजामिया वेधशाळा म्हणून बेगमपेठेत वाढली, आणि शहर तिथेही पोहोचल्यावर १९६० च्या दशकात नव्या मोठ्या दुर्बिणीसाठी जपाल-रंगापूरची जागा घ्यावी लागली.

तात्पुरत्या वेधशाळेची सर्वांत बोलकी खूण मात्र विजयदुर्गावर आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यात तळ दिला. नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला थांबले. विजयदुर्गावर उपकरणांसाठी बांधलेले चौथरे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जातात. हेलियमचा शोध याच ओट्यांवर लागला असे सर्रास सांगितले जाते, ते मात्र खरे नाही. तो शोध १८६८ चा. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ओट्यांचे खरे मोल वेगळे आहे. काही मिनिटांच्या ग्रहणासाठीही दुर्बीण जमिनीला पक्की जखडावी लागते, हे ते ओटे आजही दाखवतात.

निरीक्षण सामान्य घरांत आले ते संस्थांमुळे आणि हातांनी घासलेल्या आरशांमुळे. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. अमेरिकेत १९२० च्या दशकात पसरलेली घरी आरसे घासण्याची कला हळूहळू इथेही रुजली. दोन जाड काचांमध्ये पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी घालून वरची काच खालच्या काचेवर घासत राहिले की वरची खोलगट होते. मग भुकटी अधिकाधिक बारीक, शेवटी राळेच्या थरावर चकाकी. आरशाचा आकार योग्य झाला की नाही, हे लेऑं फूको यांनी १८५८ मध्ये शोधलेल्या चाचणीने एक पाते आणि एक बारीक प्रकाशबिंदू वापरून घरबसल्या कळते. हातांनी घासलेल्या काचेतली मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूक या साध्या साधनाने दिसते, ही विज्ञानातली अतिशय सुंदर गोष्ट आहे. पुण्याच्या आयुका संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेऊन ही कला शिक्षकांपर्यंत आणि विद्यार्थ्यांपर्यंत नेली.

ठाणे जिल्ह्याला या हौसेची लाट लागली ती हॅलेच्या धूमकेतूने. तो १९८६ च्या फेब्रुवारीत सूर्याजवळ येणार होता. त्या वातावरणात १९८५ मध्ये मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. मुंबईचे आकाश तोवर हातचे गेलेले असल्याने मंडळाने रात्रभराच्या निरीक्षणासाठी कर्जत मार्गावरचे वांगणी निवडले. शेवटच्या लोकलने जायचे आणि पहाटे परतायचे, या सोयीने वांगणीचे नाव आकाशवेड्यांच्या तोंडी बसले. पुढे वांगणीलाही इमारती आणि दिवे पोहोचले. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनाही हाच मार्ग धरावा लागला: आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवर गिरवलीच्या डोंगरावर गेली.

भिवंडीत या सगळ्या अडचणी एकत्र येतात. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी इथे हातमाग वसवले आणि विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. माग चालू असताना धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीचा धक्का जमिनीत उतरतो. दोनशे पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत तो धक्काही दोनशे पट मोठा होतो आणि गुरू थरथरू लागतो. म्हणून खांब खोलीच्या फरशीला कुठेही चिकटता कामा नये. परसात असेल तर खोल खड्ड्यात काँक्रीटचा स्वतंत्र ठोकळा ओतायचा आणि भोवतीच्या कोब्यात बोटभर फट सोडायची. गच्चीवर असेल तर खांब स्लॅबच्या मध्यावर न घेता खालच्या कॉलमच्या बरोबर डोक्यावर घ्यायचा. शक्य असेल तर परसच बरा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि वर चढणाऱ्या गरम हवेत ताऱ्याचा बिंदू उकळल्यासारखा दिसतो.

भिवंडीचा अक्षांश १९.३ अंश. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर आणि दुर्बिणीचा ध्रुवीय आस तेवढाच कललेला. युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांसाठी घडवलेल्या काही बैठका इतक्या खाली झुकत नाहीत, किंवा झुकल्या तर तोलाचे वजन तिवईला अडते. साधन घेण्याआधी हे पाहावे लागते. दक्षिणेकडे अगस्त्य १८ अंशांपर्यंत चढतो, पण नेमके त्याच बाजूला कल्याण, ठाणे आणि मुंबई यांचे उजेड आहेत. गावालगत काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या पट्ट्यात गोदामांची आवारे रात्रभर उजळलेली असतात. पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ठरावीक रंगांपुरता असल्याने गाळता येत असे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असल्याने साध्या गाळण्या फारशा उपयोगी पडत नाहीत. हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल रेषेपुरता प्रकाश आत सोडणारी अरुंद गाळणी लावून कॅमेऱ्याने तेजोमेघ टिपता येतात. नुसत्या डोळ्याला मात्र ते दिसत नाहीत.

छपराचा निर्णय पावसाळा करतो. फिरता घुमट देखणा असतो, पण त्याच्या फटीतून आडवा पाऊस आत येतो. रुळांवरून सरकणारे पत्र्याचे छप्पर कोकणात अधिक टिकते, आणि लोखंडी दरवाजे करणारा स्थानिक फॅब्रिकेटर ते सरकत्या फाटकाच्या चाकांवर बसवून देऊ शकतो. जून ते सप्टेंबर आरसा आणि नेत्रिका काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्या लागतात, नाहीतर दमटपणात काचेवर बुरशी धरते आणि तिचे डाग कायमचे राहतात.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. भिवंडीच्या वाट्याला ते येणार नाही; तालुक्यातच उत्तरेला, तानसा नदीच्या बाजूला वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे आकाश गावापेक्षा काळे आहे इतकेच. तरीही गावातल्या वेधशाळेला करण्यासारखे काम भरपूर उरते. चंद्र, गुरू, शनी आणि सूर्यावरचे डाग यांना शहराच्या उजेडाने फारशी बाधा येत नाही. चंद्राआड तारा नेमका कोणत्या क्षणी गेला याची नोंद करता येते, तेजस्वी रूपविकारी ताऱ्यांचे तेज मोजता येते. आणि जेकबने पुण्यात मोजले तसे जोडतारे मोजता येतात: त्यांना काळोखापेक्षा स्थिर हवा आणि स्थिर खांब अधिक लागतो, आणि मार्गशीर्षापासून पुढचे काही महिने भिवंडीत पहाटेची हवा स्थिर असते.