तेल आणि पाणी

धुळवडीला आमच्या भिवंडीच्या घरी मटण, तांदळाच्या भाकऱ्या आणि मामा-काकांचं भांडण, असा बेत ठरलेला. मामा डफरिनवर शिकलेला, काका डीएमईटीत. एक डेकवरचा, एक इंजिनातला. मामा काकांना ‘मिस्त्री’ म्हणे आणि काका त्याला ‘कप्तान’, तेही शिवी हासडावी तसं.

डफरिन हे माझगावच्या समुद्रात नांगरलेलं शिकाऊ जहाज. १९२७ पासून तिथे व्यापारी जहाजांसाठी पोरं तयार होत. पहाटे अनवाणी डेक घासायचा, मग पितळ चमकवायचं, असं मामा सांगे. दरवर्षी ती पहाट आणखी थोडी लवकर उजाडायची. काका म्हणत, घासायला मोलकरीण ठेवायची, आम्ही कानस धरायचो! लोखंडाचा ओबडधोबड तुकडा हाताने घासून काटकोनात आणायचा. गुण्या लावल्यावर फटीतून उजेड दिसला की साहेब तो तुकडा परत हातात द्यायचे. काकांच्या तळव्यावरचे घट्टे म्हातारपणीही गेले नव्हते.

इंजिनवाल्यांसाठी डीएमईटी ही वेगळी संस्था निघाली १९४९ मध्ये. त्याआधी काही वर्षं तेही डफरिनवरच शिकत. काकांनी हे काढलं की मामाला नेमका रस्सा वाढून घ्यायचा असे. मामाचा हुकमाचा एक्का कटारी. डफरिनच्या पहिल्या तुकडीतले रामदास कटारी १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

“झाले ना. पण त्यांचं जहाज हलवलं कोणी?” काका विचारत.

काकांच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्यांच्या मधे जांभळा रंग असे. टायटॅनिक बुडताना इंजिनिअर शेवटपर्यंत खालीच राहिले, त्यांच्या मानाचा तो रंग, असं ते सांगत. १९१२ च्या त्या रात्री तिथला एकही इंजिनिअर वाचला नाही, हे खरं. रंगाची गोष्ट मात्र जहाजीच एकमेकांना सांगतात, तिला पुरावा नाही. ती चालू असताना मामाही गप्प बसे.

आजीला दोघांचंही कौतुक बेताचंच. “आदी जेवा रं, मंग भांडा,” म्हणायची. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि आपल्या खाडीत गलबतं बांधायला काढली, हा तिचा इतिहास. तिच्या आजोबांचा पडाव होता. की चुलत आजोबांचा, ते आता विचारायला कोणी उरलं नाही. ते कुठल्या शाळेत गेले होते रं, असं ती विचारी आणि दोघेही भाकरी मोडू लागत.

तिच्या घरात मात्र दोघांचीही विद्या कामी येई. दोरीला मामाची बोलाइन गाठ, स्टोव्हला काकांचा वॉशर. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकता ऐकता काका मधेच म्हणत, “तिसऱ्याला तेल नाही.” मामा म्हणे, “बघा, ह्यांना समुद्रही असाच ऐकू येतो, दिसत नाही.”

डफरिनच्या जागी १९७२ मध्ये राजेंद्र आलं. १९९३ मध्ये तेही गेलं आणि नेरूळजवळ करावेला चाणक्य उभं राहिलं, चक्क जमिनीवर. माझा चुलतभाऊ तिथे लागला. पेढे घेऊन आला तेव्हा मामा-काका ओटीवर शेजारी शेजारी बसलेले.

“मिस्त्री, ह्याचं जहाज बुडायची भीती नाही.”

“नाही ना, कप्तान. पावसाळ्यात गळेल फार तर,” काका म्हणाले आणि दोघांनी एकेक पेढा उचलला.