जुन्या बाईकचा आरपीएम मीटर चुकीचा आकडा दाखवतोय? नवा घेण्याआधी हे तपासा

सिग्नलला बाईक उभी आहे, इंजिन संथ चालू आहे, पण आरपीएम मीटरचा काटा ३,००० वर. अशा वेळी अनेक जण लगेच कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून आयडलिंग कमी करतात. मग गाडी दर सिग्नलला बंद पडू लागते. इंजिन ठीक असतं, चूक मीटरची असते. म्हणूनच सेटिंगला हात लावण्याआधी काटा नक्की कसा चुकतोय ते पाहायला हवं.

मीटर चालतो कसा?

इंजिनाचा क्रँक एका मिनिटात किती फेरे घेतो, तो आकडा म्हणजे आरपीएम. राजदूत ३५० सारख्या जुन्या गाड्यांत इंजिनापासून मीटरपर्यंत फिरणारी केबल असते. ती मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाच्या ओढीने धातूची वाटी आणि तिला जोडलेला काटा वळतो, तर बारीक स्प्रिंग त्याला मागे खेचते. नंतरच्या गाड्यांत केबल नाही. तिथे मीटर इग्निशनकडून येणारे विजेचे सिग्नल मोजतो.

केबलचा मीटर असेल तर

- काटा थरथरतो: केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी जास्त वाकली आहे. ती काढून साफ करा आणि हलकं ग्रीस लावा. मीटरकडचं टोक मात्र कोरडंच ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरतं.
- काटा हलतच नाही: आतली तार तुटली असेल किंवा इंजिनाकडचा गिअर झिजला असेल.
- काटा स्थिर, पण आकडा चुकीचा: चुंबक किंवा स्प्रिंग कमजोर झाली असेल, किंवा दुसऱ्या मॉडेलचा मीटर बसवला असेल. हे काम मीटर दुरुस्त करणाऱ्याचं.

इलेक्ट्रॉनिक मीटर असेल तर

- आकडा बरोबर दुप्पट किंवा निम्मा: मीटर बहुधा बिघडलेला नाही. फोर-स्ट्रोक इंजिनाला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी लागते, पण अनेक सिंगल सिलिंडर गाड्यांत ती प्रत्येक फेऱ्याला पडते. बदललेला मीटर त्या गाडीच्या हिशोबाने सेट नसेल, तर हा गोंधळ होतो.
- काटा मध्येच उड्या मारतो: आधी अर्थिंगची वायर, गंजलेले कनेक्टर आणि बॅटरी तपासा. रेझिस्टर नसलेला स्पार्क प्लग किंवा प्लग कॅप असेल, तरी सिग्नलमध्ये अडथळा येतो.

खरा आकडा कसा कळेल?

मेकॅनिककडे स्पार्क प्लगच्या वायरला लावायचा आरपीएम मीटर असेल, तर दोन्ही आकडे लगेच ताडून पाहता येतात. तपासणी मोकळ्या जागेतच करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो.

साध्या हिशोबानेही अंदाज येतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. मागच्या चाकाचा घेर २ मीटर असेल, तर चाक मिनिटाला ५०० वेळा फिरतं. त्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन ८ फेरे घेत असेल, तर खरा आकडा ४,०००. हा गिअर रेशो गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडतो. वेग मोबाईलच्या जीपीएसवर पाहा, पण ते काम मागे बसलेल्याला द्या.

दुरुस्ती होईपर्यंत लाल पट्टीवर विसंबून गाडी ताणू नका. काटा कमी दाखवत असेल, तर इंजिन केव्हाच मर्यादेपलीकडे गेलेलं असतं.