जॅझमधील उपज : पेटीवर शिकता येणारी मूलतत्त्वे

जॅझ हा विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे कृष्णवर्णीय समाजात आकारास आलेला, उपजेला प्राधान्य देणारा संगीतप्रकार. मुंबईत तो रुजविण्यात चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी आणि ब्राझ गोन्साल्विस या गोमंतकीयांचा मोठा वाटा होता. जुन्या काबिजादीतील चर्चच्या शाळांनी मुलांना स्वरलेखन व सोल्फेज शिकवून गोमंतकीय वादकांच्या अनेक पिढ्यांचा पाया घातला. पेडणे-डिचोलीत भजन आणि नाटकाची परंपरा प्रबळ. तेथील विद्यार्थ्याच्या हाती पेटी व तबला असतो. तथापि, जॅझच्या शास्त्राचा निम्मा भाग त्याच्या परिचयाचाच आहे.

स्वरसप्तक : पांढरी एक हा सा मानल्यास सर्व पांढऱ्या पट्ट्या शुद्ध स्वर देतात. याच पट्ट्या रे हा सा मानून वाजविल्या की काफी थाटाचे स्वर मिळतात. पाश्चात्त्य परिभाषेत हा ‘डोरियन’. प पासून आरंभ केल्यास खमाज, म्हणजेच ‘मिक्सोलिडियन’. ही आपली मूर्च्छनाच होय.

स्वरसंघात : नवे शिकावयाचे ते येथे. रागात सा अचल असतो. जॅझमध्ये सुरावटीखालील आधार सतत पालटतो. सर्वाधिक आढळणारा क्रम तीन संघातांचा : रे-म-ध-सां, प-नी-रें-मं, सा-ग-प-नी. प्रत्येकातील तिसरा व सातवा स्वर त्याची ओळख ठरवतो. ते दोनच स्वर पेटीवर एकत्र दाबावेत : प्रथम म-सां, नंतर म-नी, शेवटी ग-नी. दर वेळी एकच स्वर अर्ध्या स्वराने उतरतो. उपज करताना हेच स्वर साधले की खालचा आधार सुटत नाही.

आवर्तन : माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ मधील ‘सो व्हॉट’ या रचनेत चार मात्रांचे ३२ खंड आहेत, एकूण १२८ मात्रा, म्हणजे त्रितालाची आठ आवर्तने. पहिले सोळा खंड काफीसदृश सप्तकात, पुढील आठ अर्धा स्वर वर आणि अखेरचे आठ पुन्हा मूळ पट्टीत. हे चक्र फिरत राहते व प्रत्येक वादक त्यावर उपज करतो.

म्हणून आरंभ याच रचनेपासून करणे सोयीचे. आवर्तने मोजत सप्तक पालटण्याची जागा अचूक साधली की तीन संघातांच्या क्रमाकडे वळावे.