सोडियम-ग्लुकोज सहवाहक

लहान आतड्याच्या अस्तरपेशींच्या आवरणात असणारे आणि सोडियम व ग्लुकोज यांना जोडीने पेशीत घेणारे प्रथिन. शास्त्रीय लेखनात त्याला एसजीएलटी१ म्हणतात.

पेशीच्या आवरणाचा गाभा मेदाचा असतो, त्यामुळे पाण्यात विरघळणारे ग्लुकोज त्यातून सहजी पार होत नाही. पिष्ट, उसाची साखर, दुधातील साखर यांचे विघटन अमायलेज, सुक्रेज, लॅक्टेज इत्यादी विकरे करतात. सुटे झालेले ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज आत नेणे हे सहवाहकाचे काम. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. प्रत्येक खेपेस सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू आत येतो. यासाठी सहवाहक स्वतः एटीपी खर्च करत नाही. पेशीच्या रक्ताकडील बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी वापरून तीन सोडियम बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहते. आतड्यातील सोडियम आत शिरते आणि ग्लुकोजलाही ओढून आणते. पाठोपाठ परासरणाने पाणी येते.

ही जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. पंपाचा शोध येन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवरील प्रयोगांतून लावला होता.

पटकीचे विष आतड्यातून क्लोराइड व पाणी बाहेर लोटते, पण या सहवाहकाला धक्का लावत नाही. जुलाबात पाजायच्या जलसंजीवनीचा, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याचा, सारा आधार हाच. तिच्यातील साखर शक्तीसाठी असते, हा समज चुकीचा आहे; ती सोडियम आत नेण्यासाठी असते. नुसते मिठाचे पाणी पिऊन भागत नाही, ते यामुळेच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरे पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. मूलभूत संशोधनाचे इतके स्वस्त फळ क्वचितच हाती लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते; शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट. साखर अंदाजाने वाढवू नये: न शोषलेली साखर आतड्यातच पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.