शिफा मातीत आहे, पण कोणत्या मातीत?

गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण तलाव, धान आणि माती दोघांची सामाईकच राहिली. या मुलखात भिंत मातीची, चूल मातीची, तलावाची पाळही मातीचीच. मातीला औषध म्हणणे इथे कोणाला नवल वाटत नाही. मुरूम आले, घामोळे आले, की मुलतानी माती लावा, असा सल्ला आपल्या घरांत आजही मिळतो. त्यामागचा इतिहास मात्र आपण फारसा पाहत नाही.

मातीशी आपले नाते श्रद्धेचेही आहे. पाणी नसेल तेव्हा तयम्मुम मातीने होतो. आजाऱ्यासाठी दुआ करताना पैगंबर (स.) ओले बोट मातीला लावत, अशी हदीस हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आली आहे. पण तयम्मुमलाही अट आहे : माती पाक हवी.

हीच अट वैद्यकातही दिसते. ग्रीसजवळच्या लेमनॉस बेटावरची लाल माती दुसऱ्या शतकात जालिनूसने, म्हणजे गॅलनने, स्वतः जाऊन पाहिली. ती पाण्यात धुऊन, गाळ बसवून, वड्या करून त्यांवर देवीचा शिक्का मारीत. पुढे बेट उस्मानी तुर्कांकडे गेले. देवीचा शिक्का जाऊन अरबी अक्षरांचा आला, पण शिक्क्याची रीत सुटली नाही. हीच अरबांची 'तीन-ए-मख्तूम', म्हणजे मोहोरबंद माती. शिक्का ही अस्सलपणाची हमी होती. अकराव्या शतकात इब्ने सिनाने 'अल-कानून'मध्ये तिची नोंद केली, तशीच अर्मेनियाच्या मातीचीही. आपले हकीम तिला गिले-अरमनी म्हणत. प्रत्येक मातीचा मिजाज वेगळा, उपयोग वेगळा. 'माती ती माती' असे हकिमांनी कधी मानले नाही.

मुलतानी मातीचे नावच तिचे मूळ सांगते. १९४७ साली मुलतान सीमेपलीकडे गेले. नाव मात्र आपल्या न्हाणीघरात राहिले. आज ही माती राजस्थानातल्या बाडमेर, बिकानेरकडच्या खाणींतूनही येते. तिचे बारीक कण तेल शोषतात. लोकरीचा चिकटपणा काढायला अशीच माती वापरीत. तेलकट त्वचेला तिचा उपयोग होतो तो यामुळेच; कोरड्या त्वचेला तीच माती आणखी कोरडी करते.

विदर्भात मातीच्या उपचाराला मोठे नाव मिळवून दिले ते गांधीजींनी. १९३६ साली ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले. पोटावर, डोक्यावर मातीच्या पट्ट्या ठेवण्यावर त्यांचा विश्वास होता. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरील पुस्तकात त्यांनी मातीवर स्वतंत्र लिहिले. तिथेही अट तीच : खताची माती नको, चाळून घ्या, शंका असेल तर आधी तापवा.

ही अट किती मोलाची, हे धनुर्वाताने दाखवून दिले. त्याचे जंतू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे तग धरतात. नाळेवर किंवा उघड्या जखमेवर माती, राख, शेण लावल्याने किती कोवळे जीव गेले! लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारतात जाहीर झाले. दुसरीकडे, काही खास मातींत जंतू मारण्याची ताकद असल्याचे या शतकात प्रयोगशाळेतही दिसले. पण तीही ठरावीक मातींचीच, सगळ्या नव्हे.

म्हणून जिथे म्हशी डुंबतात त्या तळ्यातला गाळ चेहऱ्यावर थापणे, किंवा कापलेल्या बोटावर बांधावरची माती दाबणे, याला हकिमांची परंपरा म्हणू नये. जखमेला साबण-पाणी आणि धनुर्वाताची सुई हवी. धड कातडीला चाळलेली, स्वच्छ माती खुशाल लावावी. हकिमांनी आपल्याला मातीबरोबर तिची पारखही दिली होती. आपण माती जपली, पारख विसरलो. गोंदियाच्या घराघरांत माती आहेच. आता ती पारख परत आणायची आहे.