एमआरआयचं ‘डाय’ इंजेक्शन: गॅडोलिनियमला पिंजऱ्यात का ठेवतात?

एमआरआयच्या कागदावर ‘विथ कॉन्ट्रास्ट’ असं लिहिलेलं असलं, की स्कॅनच्या मध्येच हातातल्या शिरेतून एक इंजेक्शन देतात. बोलताना आपण त्याला ‘डाय’ म्हणतो. पण तो रंग नाही. बाटलीतलं द्रावण अगदी पाण्यासारखं दिसतं, आणि त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. तुमच्या फोनच्या स्पीकरमधल्या चुंबकात निओडिमियम असतं ना, त्याच लँथनाइड कुटुंबातला हा सदस्य.

गंमत अशी की मोकळं गॅडोलिनियम शरीराला विषारी असतं. मग ते शिरेत कसं काय सोडतात? या लेखात मी तेच सोप्या भाषेत सांगतो.

हे इंजेक्शन काय काम करतं?

एमआरआय मशीन आपल्या शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून सिग्नल घेतं. रेडिओ लहरींचा धक्का बसला की हायड्रोजनची केंद्रकं विचलित होतात आणि थोड्या वेळाने मूळ स्थितीत परततात. गॅडोलिनियम जवळ असेल तर ती लवकर परततात, आणि तो भाग चित्रात जास्त उजळ दिसतो. मेंदूतल्या गाठीजवळच्या रक्तवाहिन्या अनेकदा गळक्या असतात. तिथे औषध झिरपतं आणि गाठ उठून दिसते.

गॅडोलिनियमच का?

त्याच्या आयनात जोडी नसलेले 7 इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो छोट्या चुंबकासारखा वागतो. तुम्ही म्हणाल, डिस्प्रोसियम आणि होल्मियम तर याहून जोरदार चुंबक आहेत! खरंय. पण त्यांचे इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने दिशा बदलतात की हायड्रोजनवर नीट परिणामच होत नाही. गॅडोलिनियमचे त्या मानाने शांत असतात. म्हणजे इथे नुसता जोर कामाचा नाही, वेळही जुळावी लागते.

पिंजरा कशासाठी?

गॅडोलिनियमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या जवळपास असतो. नसा आणि स्नायूंमधल्या कॅल्शियमच्या वाटा तो अडवू शकतो. म्हणून केमिस्ट त्याला एका सेंद्रिय रेणूत घट्ट पकडून ठेवतात. धातू आणि हा पिंजरा मिळून जे बनतं, त्याला कॉम्प्लेक्स म्हणतात.

गॅडोलिनियमभोवती साधारण 9 जागा असतात. पिंजरा 8 जागा धरतो आणि नववी पाण्याच्या एका रेणूसाठी मोकळी सोडतो. तिथे पाणी येतं, परिणाम घेतं आणि निघून जातं, सेकंदाला लाखो वेळा. सगळ्या जागा बंद केल्या तर धातू सुरक्षित राहील, पण चित्र फारसं उजळणार नाही. जास्त जागा सोडल्या तर धातू निसटायची भीती. डिझाइनचा सगळा पेच इथेच आहे.

पिंजऱ्याचे दोन प्रकार

- लिनिअर: उघड्या साखळीसारखा रेणू धातूभोवती गुंडाळलेला असतो. अमेरिकेत 1988 मध्ये मान्यता मिळालेलं मॅग्नेव्हिस्ट याच प्रकारातलं.
- मॅक्रोसायक्लिक: आधीच बंद असलेल्या कड्याच्या आत धातू बसवलेला असतो. डोटारेम या प्रकारातलं.

फरक किती, ते बघा. प्रयोगशाळेत तीव्र आम्लात (पीएच 1) ठेवल्यावर काही लिनिअर कॉम्प्लेक्स 5 सेकंदांच्या आत निम्मे तुटतात. डोटारेमच्या कॉम्प्लेक्सला त्यासाठी 338 तास लागतात! आपलं रक्त एवढं आम्लधर्मी नसतं, पण कोणती पकड पक्की ते यावरून कळतं.

किडनीच्या पेशंटनी मोजलेली किंमत

किडनी ठणठणीत असेल तर साधारण दीड तासात निम्मं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी निकामी असेल तर ते कितीतरी जास्त वेळ शरीरात फिरत राहतं, आणि सैल पिंजऱ्यातून धातू सुटायला तेवढा वेळ मिळतो. अशा काही पेशंटची कातडी जाड आणि कडक होऊ लागली, सांधे आखडले. या आजाराला एनएसएफ म्हणतात. त्याचा गॅडोलिनियमशी असलेला संबंध 2006 मध्ये पुढे आला.

2014 मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की वारंवार लिनिअर औषध घेतलेल्यांच्या मेंदूतही त्याच्या खुणा राहतात. त्यामुळे नेमकं नुकसान होतं असं सिद्ध झालेलं नाही. तरीही 2017 मध्ये युरोपने बहुतेक लिनिअर औषधांचा वापर थांबवला किंवा मर्यादित केला.

आणखी चांगला कॉम्प्लेक्स कसा बनवतात?

60 किलोच्या माणसाला नेहमीच्या डोसमध्ये जवळपास 1 ग्रॅम गॅडोलिनियम मिळतं. तेच चित्र कमी धातूत मिळवायचं असेल, तर केमिस्टकडे मुख्य तीन उपाय आहेत:

1. पाण्याच्या जागा वाढवणं: एकाऐवजी दोन, पण पकड सैल न करता.
2. रेणूचं गरगर फिरणं कमी करणं: छोटा रेणू फार वेगाने फिरतो. तो मोठा केला किंवा रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटवला की परिणाम वाढतो.
3. पाण्याची ये-जा जुळवणं: पाणी फार रेंगाळायला नको आणि फार घाईतही नको.

याचं ताजं उदाहरण म्हणजे गॅडोपिक्लेनॉल. त्याला 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पिंजरा मॅक्रोसायक्लिक, पाण्याच्या जागा दोन आणि रेणूही मोठा. त्यामुळे नेहमीच्या निम्म्या डोसमध्ये काम भागतं. मला विचाराल तर या क्षेत्राची खरी दिशा हीच आहे: पकड पक्की आणि धातू कमी.

स्कॅनला जाताना काय कराल?

- किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.
- आधी अशा इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर तेही सांगा.
- “औषध लिनिअर आहे की मॅक्रोसायक्लिक?” हे बिनधास्त विचारा.
- औषधाचं नाव आणि तारीख फोनमध्ये नोंदवून ठेवा. पुढच्या स्कॅनला उपयोगी पडतं.

आणि हो, हे वाचून घाबरून गरजेचा स्कॅन टाळू नका. कॉन्ट्रास्टशिवाय एखादी छोटी गाठ नजरेतून सुटू शकते. प्रश्न विचारा, उत्तर घ्या आणि मग डॉक्टरांसोबत ठरवा.