ई-बाइकची समूहभ्रमंती : गट शोधावा कसा, उभारावा कसा?

विजेवर चालणारी सायकल किंवा स्कूटर घेणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. घर ते कार्यालय एवढ्या फेऱ्या सुरळीत झाल्या की मालकाला शहराबाहेर पडावेसे वाटू लागते. मात्र बॅटरी वाटेत संपली तर काय, हा प्रश्न एकट्याला रोखून धरतो. समूहाने प्रवास करणे हे त्यावरचे सर्वात सोपे उत्तर आहे. पेट्रोलच्या मोटारसायकलींचे किंवा साध्या सायकलींचे गट ज्या पद्धतीने चालतात, ती पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. ई-बाइकच्या गटाला वेगापेक्षा बॅटरीचा हिशेब आधी करावा लागतो.

हा हिशेब समजून घेण्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीचा रस्ता नमुना म्हणून घेता येईल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या या जिल्ह्याचा सुमारे ७६ टक्के भूभाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर किंवा गडचिरोलीहून आलापल्ली शंभराहून अधिक किलोमीटरवर, आणि तेथून एटापल्ली आणखी सुमारे ३० किलोमीटर. दोन गावांमधील अंतर मोठे, दुकाने मोजकी, मोबाइलचे जाळे सलग मिळेलच असे नाही. या रस्त्यासाठी जो गट नीट तयारी करील, त्याला महाराष्ट्रातील कोणताही रस्ता अवघड वाटणार नाही.

आपले वाहन कोणते?

गट शोधण्यापूर्वी आपले वाहन कायद्याच्या कोणत्या वर्गात बसते, हे पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विद्युत दुचाकीच्या मोटारची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, ती मोटार वाहनात गणली जात नाही. पायडलला साहाय्य करणाऱ्या सायकलची मोटारही त्याच शक्तीच्या मर्यादेत असावी लागते आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग येताच किंवा पायडल थांबताच ती बंद व्हावी लागते. अशा वाहनांना नोंदणी वा चालक परवाना लागत नाही. त्यापुढील वाहनांना नोंदणी, परवाना, विमा आणि हेल्मेट आवश्यक आहे. खासगी विद्युत वाहनांना हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांतील क्रमांक देण्याची पद्धत २०१८ पासून लागू झाली.

वेगमर्यादेचे बंधन काढून टाकलेली सायकल या सवलतीस पात्र राहत नाही. अपघात झाल्यास तिचा मालक अडचणीत येतोच, शिवाय सारा गट चौकशीच्या फेऱ्यात सापडतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच हा मुद्दा स्पष्ट करून घ्यावा. विद्युत सायकली आणि वेगवान स्कूटर यांचा एकच गट शक्यतो करू नये. मुक्कामाचे ठिकाण एक असले तरी निघण्याची वेळ वेगळी ठेवावी.

गट शोधताना

पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत शोधाची सुरुवात विक्रेत्यापासून आणि सेवा केंद्रापासून करावी. एकाच कंपनीच्या वाहनमालकांचे गट बहुधा तेथेच जुळतात. दुसरा मार्ग म्हणजे शहरातील सायकल मंडळे. नाशिकहून पंढरपूरला जाणाऱ्या सायकलवारीमुळे समूहाने लांब पल्ला गाठण्याची कल्पना राज्यात चांगलीच परिचित झाली आहे.

तथापि, सायकल मंडळाच्या प्रत्येक उपक्रमात विद्युत सायकलला स्थान असतेच असे नाही. ऑडॅक्स क्लब पॅरिसिअँच्या नियमांनुसार भारतात होणाऱ्या ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या सफरी केवळ मानवी शक्तीवर चालणाऱ्या वाहनांसाठी असतात. २०० किलोमीटरची सफर साडेतेरा तासांत पूर्ण करण्याचे प्रमाणपत्र विद्युत सायकलस्वाराला मिळू शकत नाही. म्हणून मंडळाकडे आधी विचारणा करावी. मंडळाची रविवारची साधी फेरी मात्र अनेकदा सर्वांना खुली असते.

कोणत्याही गटात सामील होण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. सरासरी वेग किती ठेवला जातो? मागे पडणाऱ्याची जबाबदारी कोणावर असते? कोणाची बॅटरी संपल्यास गट काय करतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘ज्याचे त्याने पाहावे’ असे असेल, तर त्या गटासोबत एटापल्लीच्या वाटेला जाऊ नये.

गट सुरू करताना

आपल्या गावात असा गट नसेल तर चार ते सहा मालक पुरेसे आहेत. सुरुवातीला ठिकाण, वार आणि वेळ बदलू नये. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सहा वाजता, अमुक चौक, असा एकच ठराव तीन महिने पाळला तर निरोप न पाठवताही माणसे जमू लागतात. पहिली फेरी १५ ते २० किलोमीटरची, वर्तुळाकार असावी, म्हणजे कोणत्याही टप्प्यावरून घर जवळ राहते.

प्रत्येक फेरीत दोन जबाबदार व्यक्ती ठरवाव्यात. एक आघाडीला राहून वेग सांभाळील आणि दुसरी सर्वांच्या मागे राहील. मागच्या व्यक्तीजवळ पंक्चरचे साहित्य, हवा भरण्याचा पंप, प्रथमोपचार पेटी आणि टोचनदोर असावा. मात्र टोचनदोराने स्कूटर ओढण्याआधी कंपनीची पुस्तिका पाहावी. चाक फिरत असताना मोटारला इजा होण्याचा संभव काही वाहनांत असतो. प्रत्येक स्वाराचा रक्तगट आणि घरच्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून या दोघांकडे द्यावा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

सर्वात लहान बॅटरीचा नियम

कंपनीने सांगितलेला पल्ला चाचणीतील परिस्थितीत मोजलेला असतो. स्वाराचे वजन, सामान, समोरचा वारा, चढ आणि वेग यांमुळे प्रत्यक्ष पल्ला कमी भरतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या रस्त्यावर पूर्ण चार्जमध्ये वाहन किती चालते, ते स्वतः मोजावे. त्यातील एक तृतीयांश राखीव ठेवून उरलेला पल्लाच खरा मानावा. गटाचा पल्ला हा सर्वांच्या पल्ल्याची सरासरी नव्हे. ज्याचा पल्ला सर्वात कमी, त्याचाच तो पल्ला.

समजा, चार सायकलींचा मोजलेला पल्ला ६०, ४५, ३८ आणि ३३ किलोमीटर आहे. सर्वात कमी ३३. राखीव भाग वजा करता २२ उरतात. आलापल्ली ते एटापल्ली हे सुमारे ३० किलोमीटरचे अंतर या गटाच्या आवाक्याबाहेर गेले. आता तीनच पर्याय उरतात : वाटेत चार्जिंगचा थांबा ठरवणे, त्या स्वाराने काही अंतर केवळ पायडल मारणे किंवा त्याच्यासाठी दुसरी बॅटरी सोबत घेणे. यांतील कोणता पर्याय घ्यायचा, हे निघण्यापूर्वी ठरले पाहिजे.

स्कूटरचे उदाहरण असे. मोजलेला पल्ला ८० किलोमीटर असेल तर राखीव वगळून सुमारे ५३ उरतात. आलापल्लीहून जाऊन-येऊन अंतर ६० आहे. म्हणजे एटापल्लीत चार्जिंग अटळ आहे. सुदैवाने तेथे चहा-नाश्त्यासाठी थांबलेला एक तासही एवढ्या फरकासाठी पुरतो.

वीज कोठे मिळेल?

विद्युत सायकलची ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरण्यास अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. तीन युनिट क्षमतेच्या स्कूटरला घरगुती सॉकेटवर चार तासांहून अधिक वेळ लागतो. खर्च फारसा नाही. अडचण भाराची आहे. प्रत्येकी पाऊण किलोवॅटचे पाच चार्जर एकाच वेळी लावले तर भार पावणेचार किलोवॅट होतो. छोट्या खाणावळीची किंवा दुकानाची जोडणी तो पेलू शकत नाही. म्हणून पाच स्कूटर पाच ठिकाणी लावाव्यात किंवा आळीपाळीने लावाव्यात.

मालकाची परवानगी आधी घ्यावी, दर आधी ठरवावा आणि त्याने मागितले नाहीत तरी पैसे द्यावेत. ज्या गटाने पहिल्या खेपेला व्यवहार चोख ठेवला, त्याला दुसऱ्या खेपेला सॉकेट मिळते. वीजपुरवठा खंडित झाल्यास दिवस तेथेच जाईल, हे गृहीत धरून मुक्कामाची तजवीज ठेवावी.

चार्जर प्रत्येकाने आपला आपण न्यावा. कंपन्यांचे जोड वेगवेगळे असल्याने एकाचा चार्जर दुसऱ्याला लागत नाही. हलक्या विद्युत वाहनांसाठी समान जोडाचे भारतीय मानक २०२३ मध्ये आले, तरी आधी विकल्या गेलेल्या वाहनांना त्याचा उपयोग नाही. चंद्रपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. लिथियम बॅटरी एवढ्या तापमानात चार्ज करणे योग्य नाही. उन्हातून आल्यावर ती सावलीत निववावी, मग चार्जरला लावावी. या भागातील फेऱ्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ उत्तम.

रस्ता, वन आणि वस्ती

चंद्रपूरहून येणाऱ्या स्कूटरस्वारांना बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी या मार्गाने आलापल्ली गाठता येते. गडचिरोलीहून चामोर्शी आणि आष्टी हे थांबे पडतात. सायकली मात्र आलापल्लीपर्यंत वाहनातून आणणे सोयीचे. आलापल्लीजवळील वनवैभव, म्हणजेच ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे जैवविविधता वारसा स्थळ, नवख्या गटाच्या पहिल्या छोट्या फेरीसाठी योग्य आहे.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागड येथे लोहखनिजाच्या खाणी असल्याने एटापल्ली-आलापल्ली मार्गावर अवजड वाहतूक असते. एका ओळीत, दोन वाहनांमध्ये पुरेसे अंतर ठेवून जावे. ट्रकला आधी जाऊ द्यावे. विद्युत वाहनाला आवाज नसतो. पादचाऱ्याला, गुराख्याला आणि रानातील अस्वलालाही ते जवळ येईपर्यंत कळत नाही. वळणावर घंटी किंवा हॉर्न वाजवावा आणि सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर वनातील रस्त्यावर असू नये. पावसाळ्यात भामरागडजवळील पर्लकोटा नदीला पूर येऊन संपर्क तुटतो. त्या दिवसांत हा भाग टाळावा.

हा प्रदेश अनेक वर्षे नक्षलवादाच्या छायेत होता. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागड येथे सत्तरहून अधिक वाहने जाळण्यात आली होती. परिस्थिती बरीच बदलली आहे. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी ते गर्देवाडा ही एसटी बस प्रथमच सुरू झाली. तरीही आतील रस्त्यावर जाण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात स्वारांची नावे आणि परतण्याची वेळ कळवावी.

आणखी एक भान आवश्यक आहे. जेथे एसटी पोहोचायला २०२५ साल उजाडावे लागले, तेथे आपण हौसेखातर येत आहोत. माडिया गोंडांची गावे ही प्रदर्शनाची स्थळे नव्हेत. विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये, गोटुलात शिरू नये, प्लास्टिक मागे टाकू नये. शक्य असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊन तेथेच खरेदी करावी.

जुना धडा

समूहाने दुचाकीवर दूर जाण्याचा मोठा दाखला याच परिसरातील आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याच्या आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानात डिसेंबर १९८५ मध्ये शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलने निघाले. सुमारे पाच हजार किलोमीटरची ती यात्रा होती. पाठीच्या विकारामुळे बाबा स्वतः सोबतच्या वाहनातून, आडवे होऊन प्रवास करीत होते. एवढा मोठा समूह एवढ्या दूर जातो तो मुक्काम, शिस्त आणि परस्परांची काळजी यांच्या आधारावर.

ई-बाइकच्या गटालाही हाच नियम लागू आहे. वर्षअखेरीस गटाने किती किलोमीटर कापले, याची नोंद अवश्य ठेवावी. पण तिच्या शेजारी दुसरा रकानाही असावा : किती जण निघाले आणि किती जण एकत्र परतले. हे दोन आकडे प्रत्येक वेळी सारखे राहिले, तर गट नीट उभा राहिला असे समजावे.